नडगीचा स्नायू आणि अस्वलाचा हिवाळा

माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत एक साधी टेप आहे, शिंप्याकडे असते तशी. पाय प्लास्टरमधून निघाला की पहिल्याच दिवशी मी गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटीमीटर मोजून पेनाने खूण करते, टेप गुंडाळते आणि दोन्ही मांड्यांचे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिते. गेल्या पावसाळ्यात एक काका आले होते. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. अंगणातल्या शेवाळावर घसरून डावा पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर. उजवी मांडी ४७ सेंटीमीटर भरली, डावी साडेत्रेचाळीस. पोटरी हातात धरली तर नुसती कातडी लोंबावी तशी. काकूंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "रोज दोन अंडी, दूध, नाचणीचं सत्त्व, सगळं वेळेवर दिलं हो मी. मग पाय सुकला कसा?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. खाल्लेलं स्नायूपर्यंत पोचतं, पण काम नसलेला स्नायू ते धरून ठेवत नाही. अठरा वर्षं मी हेच सांगत आले आहे आणि ते खोटं नाही. पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मला कळलं ते अमेरिकेतल्या काळ्या अस्वलांवरच्या अभ्यासातून, आणि गंमत अशी की ती सगळी हकिगतही त्याच स्नायूभोवती फिरते ज्याची मी रोज परीक्षा घेते. नडगीच्या पुढे, जरा बाहेरच्या अंगाला असलेला लांबट स्नायू, टिबिआलिस अँटेरिअर. बसल्या जागी टाच जमिनीला टेकवून पाऊल वर उचला आणि नडगीवर हात ठेवा, बोटांखाली तो दोरासारखा ताठ होतो. चालताना आपला पंजा जमिनीला घासत नाही तो याच्या जोरावर.

या एका स्नायूचं हे प्रकरण आहे.

अंथरुणाला खिळलेला, पण धडधाकट

अमेरिकेतलं काळं अस्वल हिवाळ्याच्या तोंडावर बिळात शिरतं. बीळ म्हणजे कधी उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखालची पोकळी, कधी पोकळ खोड, कधी खडकाखालची कपार. तिथे ते अंगाची मुटकुळी करून पडतं ते वसंतापर्यंत. अलास्कासारख्या थंड मुलखात हा मुक्काम पाच ते सात महिन्यांचा होतो. एवढ्या काळात अन्न नाही, पाणी नाही, लघवी नाही, शौच नाही. सगळा खर्च अंगावरच्या चरबीतून. मादी तर याच काळात, भर हिवाळ्यात, पिल्लं जन्माला घालते. अर्ध्या किलोहूनही हलकी, डोळे मिटलेली पिल्लं. उपाशीपोटी ती त्यांना महिनोन् महिने दूध पाजते.

आणि बर्फ वितळला की उठते आणि चालू लागते.

मी हे प्रथम वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वॉर्डातल्या आजी आल्या. खुब्याचं हाड मोडलं म्हणून तीन आठवडे पलंगावर, आणि मग उभं करायला दोन माणसं. निरोगी म्हाताऱ्या माणसांवर झालेला एक प्रयोग आहे, २००७ साली प्रसिद्ध झालेला. कुठलाही आजार नसलेल्या, सरासरी सदुसष्ट वर्षांच्या स्वयंसेवकांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, जेवण व्यवस्थित दिलं. दहा दिवसांत पायांचं चरबीविरहित वजन जवळपास एक किलोने घटलं, गुडघा सरळ करण्याची ताकद साधारण सोळा टक्क्यांनी कमी झाली, आणि स्नायूंत नवीन प्रथिन तयार होण्याचा वेग तीस टक्क्यांनी मंदावला. पोट भरलेलं होतं, आजार नव्हता, तरी दहा दिवसांत एवढं. अस्वल उपाशी, आणि दिवस दीडशेच्या वर.

अस्वलाची ही झोप खरी शीतनिद्रा म्हणायची की नाही यावर जाणकारांत बरीच वर्षं वाद होता, कारण त्याचं अंग फारसं गार पडत नाही. उत्तर ध्रुवाकडच्या जमिनीतल्या खारी झोपेत अक्षरशः शून्याच्या खाली जातात. १९८९ साली ब्रायन बार्न्स यांनी उणे २.९ अंश सेल्सियस नोंदवलं होतं. अस्वलाचं तसं नाही. फेअरबँक्सच्या अलास्का विद्यापीठात ऑइविंद टोइएन, बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तीत शिरून उपद्रव करणारी, राज्याच्या वन्यजीव खात्याने पकडलेली काळी अस्वलं कृत्रिम बिळांत ठेवली. लाकडी पेट्या, आत गवत, वर कॅमेरा, अंगात तापमान आणि हृदयाची नोंद घेणारी छोटी यंत्रं. २०११ साली निष्कर्ष आले. शरीराचं तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान वरखाली होत राहिलं, पण चयापचय मात्र एरवीच्या पंचवीस टक्क्यांवर आलं. हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ वर. श्वास घेताना काही ठोके भराभर पडायचे, आणि मग पुढच्या श्वासापर्यंत शांतता, कधी कधी वीस सेकंदांपर्यंत.

हे तापमान मला फार महत्त्वाचं वाटतं. खार गारठते तेव्हा तिचे स्नायू टिकतात यात नवल कमी आहे. फ्रिजमध्ये ठेवलेली भाजी चार दिवस जास्त टिकते, तसंच ते. अस्वलाचा स्नायू तेहतीस अंशांवर पडून असतो. या तापमानाला शरीरातली रसायनं आपलं काम करत असतात. म्हणजे झीज व्हायला लागणारं सगळं हाताशी आहे, आणि तरी ती होत नाही. गारव्याने हे कोडं सुटत नाही.

बिळात जाऊन घेतलेलं माप

अस्वल उठून चालतं म्हणजे त्याचा स्नायू शाबूत असणार हे झालं अनुमान. मोजल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि झोपलेल्या रानटी अस्वलाची ताकद मोजायची कशी? आम्ही रुग्णाच्या पावलावर हात ठेवतो आणि म्हणतो, "वर उचला, माझ्या हाताला जोर लावा." अस्वलाला असं सांगता येत नाही.

वायोमिंग विद्यापीठाचे हेन्री हार्लो, त्यांचे विद्यार्थी टॉम लोहुइस, कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्यातले टॉम बेक आणि मिनेसोटा विद्यापीठाचे पॉल इयात्झो यांनी यावर जो मार्ग काढला तो वाचून मला आपल्याच धंद्यातला माणूस भेटल्यासारखं वाटलं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा एक गोटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून खाली उतरतो, कॉमन पेरोनिअल. नडगीच्या स्नायूला हुकूम जातो तो याच्यातून. आवळ प्लास्टर झालं तर इथेच दाब येतो आणि माणसाचं पाऊल लुळं पडून लोंबतं. फूट ड्रॉप म्हणतात त्याला. प्लास्टर घातलेल्या कुणाच्या पायाची बोटं बधिर झाली की माझं लक्ष आधी या गोट्याकडे जातं.

या शास्त्रज्ञांनी बेशुद्ध केलेल्या अस्वलाचा पंजा एका साच्यात घट्ट बसवला, या मज्जातंतूला बाहेरून विजेचा झटका दिला आणि पाऊल किती जोराने वर उचललं जातं ते यंत्रावर मोजलं. अस्वलाच्या मनाचा, झोपेचा, इच्छेचा काही संबंध नाही. शुद्ध स्नायूची ताकद. हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा, आणि अखेरीला, १३० दिवसांनी, पुन्हा एकदा.

घट तेवीस टक्क्यांहून कमी. हे २००१ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. पुढे २००७ साली याच गटाने ११० दिवसांत २९ टक्के घट नोंदवली, पण सोबत एक गोष्ट पाहिली जी मला आकड्याहून मोलाची वाटते. लागोपाठ झटके देत राहिलं तर स्नायू दमतो. हा दमण्याचा वेग उन्हाळ्यात होता तसाच हिवाळ्यातही राहिला. आमच्याकडे प्लास्टरमधून निघालेला पाय पहिली दोन पावलं बरी टाकतो, दहाव्या पावलाला थरथरतो. अस्वलाचा पाय तसा थरथरत नाही. त्याआधी १९९८ साली हार्लोंच्या गटाने मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले होते. तंतूंची संख्या तीच, जाडी तीच. प्रथिन थोडंसं घटलेलं, बस.

पहिलं उत्तर: ते झोपेत व्यायाम करतं

सर्वांत आधी सुचतं ते हेच, आणि त्याला पुरावाही आहे. फेअरबँक्सच्या अस्वलांचं तापमान तीसच्या जवळ उतरलं की त्यांचे स्नायू कुडकुडू लागत, अंग पुन्हा तापे, मग कुडकुडणं थांबे आणि तापमान हळूहळू खाली येई. दोन ते सात दिवसांचं असं एक आवर्तन, पूर्ण हिवाळाभर. हार्लोंच्या गटालाही अस्वलाच्या अंगाच्या बाहेरच्या तापमानात दिवसातून अनेकदा चढउतार दिसले होते आणि त्यांनी त्याचा संबंध स्नायूंच्या ठरावीक हालचालींशी जोडला होता.

मला हे उत्तर मनापासून आवडलं होतं. प्लास्टरमधल्या माणसाला आम्ही पहिला व्यायाम हाच देतो. पाय हलवायचा नाही, मांडी आवळायची, गुडघा खाली गादीत दाबायचा, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. सांधा हलत नाही, पण स्नायूला काम मिळतं. कुडकुडणं म्हणजे हेच, फक्त अस्वलाला कुणी सांगावं लागत नाही. काकांनाही मी हा व्यायाम प्लास्टर असतानाच सांगितला असता, पण ते माझ्याकडे आले तेच प्लास्टर निघाल्यावर. कित्येक रुग्णांचं असंच होतं. हाड जुळेपर्यंत फिजिओथेरपिस्टकडे जायचं कारणच नाही असं घरात धरून चालतात, आणि त्या सहा आठवड्यांत जे जातं ते परत मिळवायला सहा महिने लागतात. याची मला दर वेळी हळहळ वाटते.

पण या उत्तरावर थांबता येत नाही.

नस कापली, तरीही

पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात अस्वलांचं संशोधन केंद्र आहे. तिथे डेव्हिड लिन, चार्ल्स रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी सरळ मुळावर घाव घातला. कुडकुडण्यामुळे स्नायू टिकत असेल तर कुडकुडण्याचा हुकूमच पोचू द्यायचा नाही. तपकिरी अस्वलांच्या एका पायातला तोच मज्जातंतू, कॉमन पेरोनिअल, त्यांनी कापला. दुसरा पाय तुलनेसाठी तसाच. काही अस्वलांवर ही शस्त्रक्रिया शीतनिद्रेत केली, काहींवर उन्हाळ्यात, ती जागी असताना. हे वाचताना मी थबकले हे खरं. फूट ड्रॉपचा माणूस चालताना पाय कसा झटकून टाकतो ते मी रोज पाहते. प्राण्याला ते मुद्दाम करायचं, हे सोसत नाही. पण या प्रयोगाने जे दाखवलं ते दुसऱ्या कशानेही इतकं स्वच्छ दिसलं नसतं.

अकरा आठवड्यांनी वजनं घेतली. उन्हाळी अस्वलांच्या नस कापलेल्या बाजूच्या दोन स्नायूंचं वजन दुसऱ्या बाजूच्या मानाने ६१ आणि ५८ टक्क्यांनी घटलं होतं. माणसात, उंदरात, कुठल्याही सस्तन प्राण्यात नस तुटल्यावर जे होतं तेच. शीतनिद्रेतल्या अस्वलांत तेच दोन स्नायू घटले होते १८ आणि २५ टक्क्यांनी.

तोच प्राणी, तोच मज्जातंतू, तेवढेच दिवस. मेंदूकडून स्नायूला काहीही निरोप येत नाही, वजन पडत नाही, कुडकुडणं नाही, वर उपवास. तरीही हिवाळ्यात स्नायू बऱ्यापैकी टिकतो आणि उन्हाळ्यात निम्म्याहून अधिक जातो.

मला हे पचवायला वेळ लागला. न वापरल्याने स्नायू झिजतो, हे वाक्य मी पाणी उतारावरून वाहतं तसं मानत होते, आपोआप होणारी गोष्ट म्हणून. या आकड्यांनी सांगितलं की झिजणं हे शरीराने केलेलं काम आहे. स्नायू नुसता पडून असल्याने विरघळत नाही, त्याला मोडून काढलं जातं, आणि मोडायचं की नाही हे ऋतूप्रमाणे बदलू शकतं. उन्हाळ्यातलं अस्वल या बाबतीत अगदी आपल्यासारखं आहे.

लोहुइस यांच्या मोजणीत याचा हिशोबही दिसतो. स्नायूंतलं प्रथिन सतत मोडत असतं आणि सतत नवं बनत असतं; माणसात रोज साधारण एक-दीड टक्का उलाढाल होते. काळ्या अस्वलात उन्हाळ्यात बनणं मोडण्याहून जास्त निघालं, म्हणजे स्नायूत भर पडत होती. हिवाळ्यात दोन्ही खूप मंदावले, पण दोन्ही सारखेच राहिले. दुकान बंद केलं नाही, धंदा कमी केला आणि जमाखर्च जुळवून ठेवला. काकांच्या पायात नेमकं उलटं झालं होतं. बनणं मंदावलं, मोडणं चालूच राहिलं.

युरियाचं काय होतं

जमाखर्च जुळवायचा तर नवं प्रथिन बनवायला नायट्रोजन हवा, आणि अस्वल खात तर काही नाही. इथे लघवी न करण्याचा संबंध येतो.

प्रथिन मोडलं की त्यातला नायट्रोजन यकृत युरियात बांधतं आणि आपण तो लघवीवाटे टाकून देतो. उपाशी माणूसही टाकतो. रोज थोडा थोडा स्नायू मूत्रातून बाहेर चाललेला असतो असंच म्हणायचं. अस्वलाचा युरिया बाहेर जात नाही. मूत्रपिंडातून जो थोडा मूत्राशयात उतरतो तो मूत्राशयाच्या भिंतीतून परत रक्तात शोषला जातो. रक्तातला युरिया आतड्यात झिरपतो, तिथले जिवाणू तो फोडतात, सुटलेला नायट्रोजन पुन्हा अमिनो आम्लांत बांधला जातो आणि प्रथिनांत परत येतो. त्याला लागणारा कार्बनचा सांगाडा चरबीतून सुटणाऱ्या ग्लिसरॉलमधून मिळतो. मेयो क्लिनिकमध्ये राल्फ नेल्सन यांनी १९७०च्या दशकात हा मार्ग दाखवून दिला. पाच महिने लघवी नाही आणि तरी रक्तात युरिया साचून विषबाधा नाही, हे पाहून मूत्रपिंडाचे डॉक्टर तेव्हापासून अस्वलाकडे डोळे लावून आहेत.

काकूंना हे समजावणं सोपं गेलं, कारण त्यांच्या माहेरी गाई आहेत. उन्हाळ्यात हिरवा चारा नसला की आपल्याकडे शेतकरी वाळल्या काडावर, पेंढ्यावर युरियाचं पाणी शिंपडून तो झाकून मुरवत ठेवतात. शंभर किलो चाऱ्याला चार किलो युरिया. गाईच्या पोटातले जिवाणू त्या युरियातल्या नायट्रोजनचं प्रथिन करतात आणि ते गाईला मिळतं. "म्हणजे अस्वल आपलाच युरिया आपल्याला चारतं," काकू म्हणाल्या. इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

जिवाणूंचा यात खरोखर किती हात आहे हे २०२२ च्या जानेवारीत 'सायन्स'मध्ये आलेल्या एका कामाने पक्कं केलं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हॅना कॅरी, मॅथ्यू रीगन आणि सहकाऱ्यांनी तेरा पट्ट्यांच्या जमिनीतल्या खारींच्या शरीरात खुणेचा युरिया सोडला, म्हणजे ज्याचा नायट्रोजन पुढे कुठे पोचला ते ओळखता येईल असा. तो स्नायूंच्या प्रथिनांत सापडला. प्रतिजैविकं देऊन ज्या खारींचे आतड्यातले जिवाणू कमी केले होते त्यांच्यात हे घडणं खूप घटलं. आणि नायट्रोजनची ही परतफेड हिवाळा संपत येताना सर्वांत जास्त होती, उपास सर्वांत लांबलेला असतो तेव्हा.

रक्तातला निरोप

मग मोडायचं थांबवा हा निरोप स्नायूला देतं कोण?

स्नायू मोडण्याची यंत्रणा आता बरीच माहीत आहे. शहरात पाडायच्या इमारतीवर आधी खूण केली जाते, मग पाडणारी गाडी येते. स्नायूच्या पेशीत खुणा करणारी जी प्रथिनं आहेत त्यांतलं एक म्हणजे मर्फ-१. ते २००१ साली सापडलं, हार्लोंनी अस्वलाची ताकद मोजून छापली त्याच वर्षी. प्लास्टर, अंथरुण, तुटलेली नस, उपवास, कॅन्सर, या सगळ्यांत हे वाढतं. त्याला चालू करणारी एक कळ आहे, फॉक्सो नावाची, आणि इन्शुलिनसारख्या संप्रेरकांकडून इशारा आला की अॅक्ट नावाचं दुसरं प्रथिन ती कळ दाबून बंद ठेवतं.

हिरोशिमा विद्यापीठातले मित्सुनोरी मियाझाकी स्वतः याच क्षेत्रातले, पुनर्वसनाच्या बाजूचे. त्यांच्या गटाने जपानी काळ्या अस्वलांचं रक्त उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात घेतलं, त्यातला पातळ भाग वेगळा केला आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या स्नायूपेशींवर चोवीस तास ठेवला. हिवाळी रक्ताखालच्या पेशींत प्रथिनाचं प्रमाण वाढलेलं होतं. बनण्याचा वेग वाढला नव्हता. मोडणं दबलं होतं. मर्फ-१ उतरलं होतं, फॉक्सोची कळ बंद राहिली होती. उन्हाळी रक्ताने हे झालं नाही. हे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी २०१८ साली फ्रान्समधल्या एका गटाने स्वीडनच्या तपकिरी अस्वलांच्या हिवाळी रक्ताने माणसाच्या स्नायूपेशींतलं प्रथिन मोडणं मंदावलेलं पाहिलं होतं. दोन खंड, दोन जातींची अस्वलं, एकच दिशा.

रक्तातला तो नेमका पदार्थ अजून हाती लागलेला नाही. कदाचित तो एकटा नसेल. बर्लिनच्या मॅक्स डेलब्र्यूक केंद्रात मिखाएल गोटहार्ट यांच्या गटाला ग्रिझली अस्वलांच्या स्नायूंत काही साधी अमिनो आम्लं, शरीर स्वतः बनवू शकतं अशी, भरपूर सापडली. ती स्नायूने स्वतः बनवली तर परिणाम दिसतो, गोळी म्हणून घेऊन तसाच दिसेल असं नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे दर आठवड्याला कुणी ना कुणी प्रथिनाच्या पावडरीचा डबा घेऊन येतं, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

एक गोष्ट मात्र या बशीतल्या पेशींनी ठामपणे सांगितली. अस्वलाचा निरोप माणसाच्या स्नायूला वाचता येतो. कुलूप आपल्याकडे आहे, किल्ली नाही. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर पडलेला माणूस मांडी आवळू शकत नाही. अर्धांगवायूचा माणूस आवळू शकत नाही. अवकाशात सहा महिने काढणारे अंतराळवीर रोज जवळपास दोन तास व्यायाम करूनही थोडं गमावतातच. माझ्या टेपचा आणि माझ्या दहा आकड्यांचा जिथे काहीच उपयोग नाही अशा या माणसांसाठी ही किल्ली हवी आहे.

आपल्या मातीतलं काही आहे का यात? महाराष्ट्रातलं अस्वल, मेळघाटातलं, ताडोबातलं, शीतनिद्रा घेत नाही. त्याला वारूळं आणि फळं बाराही महिने मिळतात. काश्मीरमधलं हिमालयी काळं अस्वल घेतं. पण जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाला शेतात जे पिवळेधमक बेडूक डरांव डरांव करत उड्या मारतात, ते कोरडे महिने जमिनीत दडून काढूनच आलेले असतात. ऑस्ट्रेलियातल्या बिळात राहणाऱ्या एका बेडकावर क्वीन्सलँड विद्यापीठाच्या क्रेग फ्रँकलिन यांच्या गटाने अनेक वर्षं काम केलं आहे. तो स्वतःच्या टाकलेल्या कातडीचा कोष करून मातीत पडून राहतो, कुडकुडत तर मुळीच नाही, आणि नऊ महिन्यांनीही त्याच्या उडी मारायच्या स्नायूंचा जोर बव्हंशी टिकलेला असतो. आपल्या बेडकांच्या मांड्या कुणी अशा मोजल्या तर मला फार आवडेल.

काकांना मी अस्वलाची ही हकिगत तुकड्या-तुकड्याने सांगितली, पायाला वाळूची पिशवी बांधून व्यायाम करून घेताना. त्यांना नस कापायचा भाग आवडला नाही. एका सकाळी म्हणाले, "बाहेर आल्यावर पहिल्या दिवशी त्याला कुणी धरत नाही?" नाही धरत. पण ते लगेच धावतही नाही. फेअरबँक्समध्ये दिसलं होतं की अस्वल बिळाबाहेर पडलं, तापमान नेहमीसारखं झालं, तरी चयापचय निम्म्यावरच रेंगाळतं; पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर ते बिळाच्या आसपास असतं, थोडं चालतं, पडून राहतं. काकांनी यावर काही म्हटलं नाही, वॉकर पुढे सरकवला आणि व्हरांड्याची आणखी एक फेरी घातली. दहाव्या पावलाला पाय थरथरला, त्यांनी थांबून श्वास घेतला आणि पुढे गेले. त्या आठवड्यात डावी मांडी ४५ भरली होती. पुढचं माप सोमवारी.